कोडेकट्ट्यावरची बडबडी

पिपलानी, भोपाळ
६ जानेवारी २००८

तीर्थरूप दादास,
वैजूचा साष्टांग दंडवत.

आधी चष्मा लावून नीट बस. ह्यांनी तुला फोनवर अर्धंच सांगितलं असणार, आणि तेही ह्यांच्या पद्धतीनं. म्हणून सगळं लिहून कळवते.

माझ्या घशाच्या ऑपरेशनला येत्या एप्रिलात सात वर्षं होतील. स्वरयंत्र गेलं, जीव राहिला, त्याबद्दल देवाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते माणसांशी. मला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं अर्ध्या पिपलानीनं परस्पर ठरवून टाकलंय. शेजारच्या मिश्राभाभी माझ्याशी बोलतात तेव्हा पलीकडच्या लाइनीतले लोक खिडकीत येतात. आणि हे घरी असले की माझ्या वतीनं हेच बोलतात. भाजीवाला मला विचारतो, मेथी देऊ का, आणि हे आतून सांगतात, नको म्हणून. मला हवी असते रे मेथी!

आमची नलिनी बंगलोरला नोकरीला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर मला ठेवून गेली, मराठी लिहायला शिकवून गेली. तिनंच मला ‘कोडेकट्टा’ नावाच्या गटात घातलं. गावोगावची मराठी माणसं ई-मेलवर जमतात. दर सोमवारी एक शब्दकोडं येतं आणि मग आठवडाभर आम्ही त्याच्या उत्तरांवरून भांडतो. तिथं माझं नाव ‘बडबडी’. दोन वर्षं मी तिथं इतकी बोललेय की तू असतास तर कानात बोटं घातली असतीस. तिथं कुणाला माझ्या गळ्याबद्दल ठाऊक नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्यातच अरेरा कॉलनीतली रजनी देव माझी मैत्रीण झाली. तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या आजारपणाचे दिवस तिनं मला एकेक करून लिहिले, जे तिनं स्वतःच्या मुलालाही सांगितलेले नाहीत. तिनं चारदा माझा फोन नंबर मागितला. चारही वेळा मी विषय बदलला.

मागच्या आठवड्यात इंदूरच्या विश्वास नावाच्या वकिलानं गटावर गंमत केली. दोन वर्षांत बडबडीचा आवाज कुणी ऐकलेला नाही, फोटो कुणी पाहिलेला नाही, तेव्हा ही बाई नसून कुणी मिशीवाला बुवा असणार, असं त्यानं लिहिलं. सगळे हसले. रजनी नाही हसली. तिनं मला वेगळं लिहिलं, की एवढंच सांग, मी इतके दिवस हे सगळं सांगत होते ते कुणाला?

दादा, भोपाळ-इंदूरच्या मंडळींनी दहा फेब्रुवारीला, रविवारी, प्रथमच समोरासमोर भेटायचं ठरवलंय. श्याम म्हणून एकाचा एम. पी. नगरात कोचिंग क्लास आहे, त्याची खोली त्या दुपारी मोकळी असते. मी येणार म्हणून कळवून टाकलंय. रजनीला लिहिलं, दहा तारखेला स्वतःच बघ. मी एकटी जाणार आहे. हे रागावलेत.

शालिनीवहिनींना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, तिच्यात थोडा भरवसाही मिसळ.

तुझी,
वैजू


धरमपेठ, नागपूर
१२ जानेवारी २००८

चि. सौ. वैजयंतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. दोनदा वाचले, तिसऱ्यांदा शालिनीने मोठ्याने वाचून दाखवले. तुझा हट्ट नवा नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी तू आठव्या वर्षी स्पेलिंगवरून वाद घातला होतास आणि बाबांना शाळेत यावे लागले होते. पण तेव्हा साहेब ओळखीचे होते. ही माणसे कोण, कुठली? पेपरात रोज काय काय येते कॉम्प्युटरवरच्या ओळखींबद्दल. तो वकील खरोखर वकील आहे, हे तरी तुला कोणी सांगितले?

बरे, माणसे चांगली आहेत असे धरू. मग दुसरी काळजी. ते तुझे बोलायचे यंत्र घेऊन तू आमच्या विजयच्या लग्नाला आली होतीस. पोरे तोंड दाबून हसत तुझ्यामागून फिरली आणि तू जेवण टाकून खोलीत जाऊन बसलीस. ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर यंत्र कपाटात गेले ते गेलेच. पुन्हा तसे व्हावे असे मला वाटत नाही.

म्हणून माझे ऐक. एक तर त्यांना आधी सगळे लिहून कळव, म्हणजे कोणी दचकणार नाही. आणि अच्युतरावांना सोबत ने. नवरा तुझ्या वतीने बोलतो यात वाईट काय आहे? शालिनी म्हणते की माझ्या वतीने ती गेली चाळीस वर्षे बोलते आहे आणि माझे काही बिघडलेले नाही.

संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवतो आहे. रागावू नकोस.

तुझा,
दादा


पिपलानी, भोपाळ
१७ जानेवारी २००८

ती. दादास,
वैजूचा नमस्कार, थोडा फणकाऱ्याचा.

तिळगूळ पोचला. गोड होता, पत्रापेक्षा.

आधी कळवायचं नाही, हे मी विचार करून ठरवलंय. आधी कळवलं तर दहा तारखेला ते बडबडीला भेटायला येणार नाहीत, आजारी बाईला बघायला येतील. संत्री घेऊन येतील. हळू आवाजात बोलतील. विश्वास माझ्याशी वाद घालायचं सोडून देईल आणि मग त्या कट्ट्यावर माझं काय उरलं? दचकायचं असेल तर दचकू देत. एक मिनिट दचकतील, पुढचे दोन तास आहेतच.

आणि ह्यांना नेणार नाही. फार चांगला माणूस आहे, दादा. ऑपरेशननंतर महिनाभर माझ्या गळ्याची नळी ह्यांनी स्वतःच्या हातानं साफ केलीय. पण हे आले की पहिलं वाक्य हेच बोलणार, आणि पहिलं वाक्य मला बोलायचंय.

यंत्र कपाटातून काढलंय. सेल बदलले. हनुवटीखाली धरून बटण दाबलं की डबीत भुंगा कोंडल्यासारखा आवाज निघतो, म्हणून त्याचं नाव भुंगा ठेवलं. हे कारखान्यात गेले की दहा ते बारा माझा वर्ग भरतो. परीक्षक आमची कामवाली सरोज. ती भांडी घासता घासता ऐकते आणि नाही कळलं तर सरळ सांगते, की दीदी, कुछ समझ में नहीं आया, फिरसे बोलो. तिला ना दया, ना घाई. असा मास्तर शोधून सापडायचा नाही.

‘ह’ मला जमत नाही. ‘ह’ला तोंडातून श्वास लागतो आणि माझा श्वास गळ्यातल्या भोकातूनच ये-जा करतो. त्यामुळे ‘हो’चं ‘ओ’ होतं. ‘नाही’चं ‘नाई’ होतं, पण ते सगळ्यांना बरोबर कळतं. तेव्हा तुझ्या दोन्ही सूचनांना माझं ‘नाई’.

विजयच्या लग्नात मी खोलीत जाऊन बसले, ती माझी चूक. बसायला नको होतं.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी हट्टी,
वैजू


भोपाळ
१९ जानेवारी २००८

श्री. मधुकरराव यांस,
अच्युतचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी कारखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत लिहीत आहे. वैजयंतीला ठाऊक नाही. तुमचे ती ऐकते असा माझा समज आहे, म्हणून विनंती की तिला थांबवा, किंवा निदान मला बरोबर न्यायला सांगा.

तिला लोक हसतील ही भीती आहेच. पण केवळ तेवढेच लिहिले तर ते अर्धे खरे होईल, आणि मला अर्धे लिहून चैन पडणार नाही.

लग्नातल्या पोरांमुळे यंत्र कपाटात गेले, असे सगळे समजतात. तीही तसेच सांगते. प्रत्यक्षात लग्नाहून परतल्यावर आठ दिवसांनी तिने ते पुन्हा काढले होते. संध्याकाळी मी घरी आलो, तेव्हा तिने ते गळ्याला लावून मला हाक मारली. अठ्ठावीस वर्षे ज्या आवाजात माझे नाव ऐकले होते, त्या जागी तो घरघराट. मला सहन झाले नाही. मी म्हणालो, राहू दे, तुला काय हवे ते मला खुणेने सांग, मी बघतो. आणि स्वयंपाकघरात निघून गेलो. दुसऱ्या दिवसापासून यंत्र दिसले नाही. मीही विचारले नाही. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले.

तेव्हापासून मी तिच्यासाठी बोलतो. लोक म्हणतात, काय सेवा करतो हा माणूस. ते ऐकताना मान वर होत नाही.

आता ती परक्या माणसांपुढे त्या आवाजात बोलणार आहे आणि मला म्हणते, तुम्ही येऊ नका. ती रोज सराव करते हे सरोजने मला सांगितले. माझ्यासमोर मात्र ती अजून एक शब्दही बोललेली नाही.

काय करावे ते सुचवा. लोभ राखावा, तो आता ठेवावासा वाटला तर.

आपला,
अच्युत


नागपूर
२४ जानेवारी २००८

प्रिय अच्युतराव,
स. न.

पत्र माझ्या नावाने आले, पण ते माझे नव्हे. ज्या बाईला ते सांगायला हवे, ती तुमच्याच घरात, तुमच्यासमोर जेवायला बसते. मी तिला यातले अक्षरही कळवणार नाही. ते काम तुमचे.

तिला थांबवा असे मीही म्हणणार होतो. तुमचे पत्र वाचल्यावर ते तोंड राहिले नाही. त्या लग्नात ती खोलीत जाऊन बसली, तेव्हा मी दारापर्यंत गेलो होतो आणि आत न जाता परत फिरलो होतो. तेव्हा तुम्ही एकटे नाही. तिला जाऊ द्या, आणि एकटी जाऊ द्या.

तुमच्याविषयीचा जिव्हाळा काडीइतकाही कमी झालेला नाही.

तुमचा,
मधुकर


पिपलानी, भोपाळ
११ फेब्रुवारी २००८

तीर्थरूप दादास,
वैजूचा नमस्कार, आणि वहिनींनाही. वहिनींना म्हणावं, आज मोठ्यानं वाचा.

काल जाऊन आले.

निघताना हे एवढंच म्हणाले की मिनीबसमध्ये खिडकीशी बस. पहिली परीक्षा मिनीबसमध्येच झाली. कंडक्टरनं कुठं जायचंय विचारलं, मी भुंगा लावून एम. पी. नगर म्हटलं. आजूबाजूच्या चार माना वळल्या. कंडक्टरची वळली नाही. त्यानं विचारलं, जोन वन का टू, म्हणजे नगराचा कुठला भाग, आणि तिकीट फाडलं. त्या माणसाला मी मनातल्या मनात ओवाळलं.

क्लासच्या खोलीत नऊ जण होते. रजनी मी लगेच ओळखली, कारण बाकीचे एकमेकांशी बोलत होते आणि ती दाराकडे बघत होती. पांढरे केस, निळी सुती साडी. मला बघून ती उठायला लागली. तेवढ्यात जाड भिंगांचा विश्वास म्हणाला की आपला परिचय व्हावा. मी भुंगा हनुवटीखाली धरला आणि म्हटलं, मी बडबडी.

विश्वासला वाटलं कुणाचा तरी मोबाइल वाजतोय. त्यानं सगळ्यांना आपापले फोन बंद करायला सांगितले! मी पुन्हा म्हटलं. मग सगळ्यांना कळलं. एक बाई मला ओरडून विचारायला लागल्या, पाणी हवंय का म्हणून. विश्वासचा चेहरा पडला. आणि रजनीनं पर्स उचलली, माझ्या अंगावरून गेली आणि खाली उतरली.

दादा, त्या क्षणी मला विजयच्या लग्नातली ती खोली आठवली. पण इथं जाऊन बसायला खोलीच नव्हती. मी तिच्यामागून जिना उतरले.

ती फुटपाथवर उभी होती. तिथं टेम्पो, मोटारसायकली, ज्यूसवाल्याचं मशीन. त्यात माझा भुंगा कुणाला ऐकू येणार? मी तिचा हात धरून तिला परत जिन्यात आणलं. ती रडत होती आणि रागावलेली होती. म्हणाली, की तुझ्या आवाजाचं मला काही नाही. माझ्या नवऱ्याला शेवटचे पंधरा दिवस मी कसं चमच्यानं भरवलं ते मी तुला सांगितलं, आणि तुला एवढीही गोष्ट मला सांगावीशी वाटली नाही? मी तुला माणूस मानलं, तू मला गर्दी मानलंस.

तिचं खरं होतं. बाकीच्यांना न सांगण्याला माझ्याकडे कारण होतं. तिला न सांगण्याला नव्हतं. मी तिला बाकीच्यांत मोजलं होतं. मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, अजून नाही कळलं. तिसऱ्यांदा इतकं सावकाश म्हटलं, की सरोजनं पैकीच्या पैकी मार्क दिले असते. तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, पहिल्यांदाच कळलं होतं, पण तीनदा ऐकायचं होतं. तिला माफ केलंय म्हणाली नाही. पण माझा हात धरून वर आली.

वर विश्वास माफी मागायला पुढं आला. मी म्हटलं, माफी नको, कोडं काढ. मग श्यामनं फळ्यावर चौकोन आखले आणि आम्ही जुंपलो. ‘घराच्या दारापुढची जागा, तीन अक्षरं’ यावर मी ‘ओसरी’ म्हणत होते, विश्वास ‘अंगण’. ओसरी घरातच मोजतात, असं तो म्हणत होता. मला एकेका वाक्याला वेळ लागतो, तो थांबून ऐकायचा आणि मग माझा मुद्दा खोडायचा. वीस मिनिटं भांडलो. शेवटी आडव्या शब्दातून मधलं अक्षर ‘ग’ निघालं आणि मी हरले. त्यानं टाळी वाजवून जाहीर केलं, बडबडी हरली. सात वर्षांत इतकं सुखानं मी कशात जिंकलेही नव्हते. पुढची भेट एप्रिलात इंदूरला आहे. मी जाणार.

आता घरचं सांगते. ते तुला आधीपासून थोडं ठाऊक आहे, असं हे म्हणाले.

मी परतले तर हे फाटकाशी उभे. आत आल्यावर खुणेनंच विचारलं, कसं झालं? मी भुंगा काढला. ह्यांच्यासमोर मी तो इतक्या वर्षांत लावला नव्हता. कंडक्टरपासून सगळं सांगितलं. ह्यांना निम्मं कळेना. पण हे पुन्हा सांग म्हणत राहिले, स्वयंपाकघराकडे वळले नाहीत. सांगून संपलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

मग ह्यांनी तुला कळवलेली गोष्ट मला सांगितली. मान खाली घालून, थांबत थांबत, मला भुंग्यावर वेळ लागतो त्याहून जास्त वेळ लावून. मी म्हटलं, मला माहीत होतं. त्याच संध्याकाळी कळलं होतं.

‘माहीत होतं’ यात दोनदा ‘ह’ येतो, दादा. दोन्ही वेळा जमला नाही. पण एवढं वाक्य ह्यांना पहिल्या खेपेला कळलं.

रजनी बुधवारी जेवायला येतेय. ह्यांनी मला विचारलं की मी तेव्हा घरी असलो तर चालेल का. मी ‘ओ’ म्हटलं.

तुझी माया आहे तशीच असू दे, आणि त्या दारापर्यंत येऊन परत गेलास तेही ह्यांनी सांगितलं, त्याचं ओझं बाळगू नकोस.

तुझीच,
वैजू