लादी वाळेपर्यंत

मुलुंड (पूर्व), २० सप्टेंबर २०२४

ती. नीलाताईस,
विद्याधरचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईलवर तू एवढा मोठा मजकूर पाठवलास आणि मी नुसता अंगठा दाखवला, म्हणून तू फुगली आहेस असं मुकुल सांगत होता. अगं, ती बारीक अक्षरं मला दिसत नाहीत आणि फोन कानाला लावला तर आता काहीच ऐकू येत नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं. बोरिवलीहून मुलुंडला यायला ते आठवडा घेतं, पण तुझ्या गुडघ्यांच्या मानाने लवकरच म्हणायचं.

शर्मिष्ठाचं विसरणं वाढलं आहे. मला ओळखते, पण मुकुल आपला मुलगा हे कधी कधी तिच्या ध्यानात राहत नाही. डॉक्टर म्हणाले की गेलेलं परत येणार नाही, पण तिचं चालणं सांभाळा. एकदा अंथरुणाला खिळली की पुन्हा उठायची नाही. तेवढं एक मी धरून बसलो आहे. रोज दोन वेळा ती भिंतीला हात लावत बेडरूममधून बाल्कनीपर्यंत जाते, तुळशीला पाणी घालते आणि परत येते.

पण घराची पार वाट लागली आहे. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे काळे पडलेत, हॉलच्या मोझॅकवर तेलाचे नि हळदीचे डाग आहेत. डाग दिसला की ती वाटेतच थांबते, अंगठ्याने घासत राहते आणि रडवेली होते. जिच्या लादीचं सगळी सोसायटी कौतुक करायची, तिच्यावर ही पाळी आली याची मला लाज वाटते. काय करू ते कळव. माया करतेसच, त्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझा
विद्या


बोरिवली (पश्चिम), २९ सप्टेंबर २०२४

चि. विद्याधर यास,
अनेक आशीर्वाद.

बाथरूमचं आधी सांगते. खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून सांध्यांना लाव, जरा वेळ राहू दे आणि जुन्या टूथब्रशने घास. अंघोळ झाली की भिंती कोरड्या फडक्याने पुसायच्या, म्हणजे काळं धरत नाही. ॲसिड अजिबात आणायचं नाही, मोझॅकवर तर थेंबही नको. इतकी वर्षं कुणीतरी हे सगळं तुझ्या मागे गुपचूप करत होतं बरं का, साहेब!

हॉलला मात्र पॉलिशचं मशीन फिरव. आमच्या इथल्या राजेशला पाठवते. आमची लादी त्यानेच केली, तोंड दिसतं तिच्यात. शर्मिष्ठा बघ कशी खूश होईल. तुमच्या या घरी मी पहिल्यांदा आले तेव्हा तिने मला, सख्ख्या थोरल्या नणंदेला, हातातल्या पिशव्यांसकट दारात उभं केलं होतं, आठवतं? का, तर लादी ओली होती. ओल्या लादीवर पाय ठेवायचा नाही, मग ती सासू असो की सोसायटीचा सेक्रेटरी. मी तेव्हा रागावले होते, पण कायदा सगळ्यांना सारखा होता हे खरं.

तिला माझ्या वतीने जवळ घे. दोघांवर जीव आहे, हे पत्रात लिहायला लागू नये.

तुझी
ताई


मुलुंड (पूर्व), २४ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राजेश येऊन गेला. सामान हलवायला मुकुल पवईहून आला होता. बेडरूमचं कपाट हललं नाही म्हणून ती खोली तशीच राहिली, पण हॉल आणि पॅसेज झकास झाले. डाग नाही, ओरखडा नाही. ट्यूबलाइट वर एक आणि खाली एक दिसते.

संध्याकाळी शर्मिष्ठा बेडरूमच्या दारापर्यंत आली आणि थांबली. लादी आत्ताच पुसली आहे, वाळू दे, असं म्हणाली. तिच्या ओठांवरून मला तेवढं कळतं. मला हसू आलं. मी पुढे झालो तर माझ्यावरच रागावली, तिथेच थांबा म्हणाली. मग तिने पंखा लावायला सांगितला.

ताई, ती अजून वाळायची वाट बघते आहे. रोज दोन वेळा चौकटीपाशी येते, खाली बघते, पंखा लाव म्हणते आणि परत जाऊन पडते. मी खाली बसून लादीवर हात फिरवून कोरडा तळवा दाखवला, तर तिने तो स्वतःच्या पदराला पुसला. तिचं चालणं थांबत चाललं आहे आणि मला भीती वाटते.

तुझा
विद्या


बोरिवली (पश्चिम), २ नोव्हेंबर २०२४

चि. विद्याधर यास,
आशीर्वाद.

माझी जीभ झडो. जिच्या कायद्याची मीच तुला आठवण करून देते, तिच्याच घराला मी ही चकाकी सुचवली! आज पाडव्याला पानावर बसले होते, तशीच उठून हे लिहायला घेतलं.

वाटेवर सतरंजी अंथरून बघ. नाही जमलं तर राजेशला चकाकी उतरवायला सांग. आणि जन्मात पहिल्यांदा सांगते, झाडूफडकं बंद कर. धूळ बसू दे, लादी घाण होऊ दे. कुणी नावं ठेवली तर माझं नाव सांग. एवढं कर, बाकी काही मागत नाही.

तुझी
ताई


मुलुंड (पूर्व), ९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला उत्तर द्यायचं राहिलं. लिहिण्यासारखं काही होत नव्हतं.

सतरंजी अंथरली, तर भिजेल म्हणून ती खाली बसून गुंडाळू लागली आणि तिला उठवता उठवता आम्ही दोघंही पडता पडता वाचलो. राजेश म्हणाला की पुन्हा घासलं तरी थोडी चमक राहणारच, ती वापरानेच जाईल. मग तुझं ऐकलं. कामवालीला लादीला हात लावू दिला नाही. रस्त्यापलीकडे नवी बिल्डिंग उठते आहे, त्यामुळे धुळीला तोटा नव्हता. हळूहळू ट्यूबलाइट खाली दिसेनाशी झाली.

गेल्या आठवड्यात तिने खाटेवरूनच हॉलकडे पाहिलं आणि वाळली म्हणाली. मी धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले. ती उठायला निघाली, पण पाय उभे राहीनात. मुकुलला बोलावलं, दोघांनी धरून उभं केलं, तरी पाऊल टाकता येईना. डॉक्टर येऊन गेले. जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, या वेळी हळू आवाजात, असं मुकुल म्हणाला. तू स्वतःला दोष देऊ नकोस. मशीन मी फिरवलं आणि चकाकी बघून टाळ्याही मीच वाजवल्या.

आता धूळ ठेवून काय करायचं? पडल्या पडल्या तिला ती दिसते आणि लादी कुणी पुसली नाही म्हणून तिचा जीव कासावीस होतो. म्हणून रोज सकाळी मी पुसतो, ती सांगायची तसं, आतून बाहेर. पॅसेजपासून मागे मागे येत मुख्य दारापाशी पोचतो आणि लादी वाळेपर्यंत तिथेच उभा राहतो. खाटेवरून ती माझ्यावर लक्ष ठेवून असते. वाळली की सांगते, पण मला ऐकू येत नाही, म्हणून ती हाताने ये अशी खूण करते.

हल्ली ती खूण करायची विसरते. लादी कधीच वाळलेली असते आणि मी दारात उभा असतो.

तू बरी राहा, एवढं माझ्यासाठी कर.

तुझा
विद्या