वाढत्या अंगाचं

आई,

आज तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या फोटोला हार घालताना आता डोळेही भरत नाहीत. राग मात्र महिनाभर रोज येतोय. खरं तर तो दुसऱ्यांवर आहे. पण त्यांना लिहून उपयोग नाही, ती माणसं फार गोड उत्तरं देतात. तू जन्मात कुणाशी गोड बोलली नाहीस, म्हणून तुला लिहिते.

माझा कारखाना तू पाहिला नाहीस. कारखाना म्हणजे काय, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला भाड्याचा एक गाळा. त्यात शिलाई मशिनी, कटिंगचं एक टेबल आणि शिवणाऱ्या दहा-बारा बायका. आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. शाळा उघडेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते आणि जुलै लागला की मशिनींवर धूळ बसते, बायकांना घरी बसवावं लागतं. म्हणून ऐन जुलैत मुंबईचा एक एजंट मोठी ऑर्डर घेऊन आला तेव्हा मी त्याला चहावर न भागवता भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली. ऑर्डर होती परदेशातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या शाळेची. लढाईतून पळून शेजारच्या देशात आलेली कुटुंबं, त्यांच्या मुलांना तिकडची कुठलीशी मोठी संस्था गणवेश वाटते. शर्ट, चड्ड्या, मुलींचे स्कर्ट, सगळं हजारोंनी. दिवाळीपर्यंत काम पुरलं असतं. मला मनापासून आनंद झाला, आणि तो नुसता कामाचा नव्हता. आपल्यासारखंच पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या पोरांचे कपडे माझ्या हातून जाणार, हे तुला कळायला हवं होतं असं वाटलं.

मग मी सँपलचा स्कर्ट हातात घेतला आणि सवयीने उलटा केला. ही सवय तुझी. लहान मुलाचा कपडा दिसला की तू आधी आतून बघायचीस, खाली किती दुमडलंय, बाजूच्या शिवणीत किती सोडलंय. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या परक्या पोरीचा फ्रॉकसुद्धा तू उलटा करून पाहायचीस, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. या स्कर्टला खाली अर्धा इंच दुमड होती. बाजूच्या कडांना ओव्हरलॉकची टीप मारून कापड जेवढ्यास तेवढं. उसवून मोठं करायला जागाच नाही. मला वाटलं, घाईत शिवलेलं सँपल असेल. मी एजंटला म्हटलं, "हे वाढत्या अंगाचं करायला पाहिजे. खाली तीन इंच दुमडते, बाजूला इंच-इंच सोडते. पोरं दोन-तीन वर्षं घालतील."

तो चांगला मुलगा आहे, लबाड नाही. म्हणूनच जास्त राग आला. लॅपटॉपमध्ये बघून म्हणाला, "नाही मॅडम, माप फायनल आहे. एका वर्षाच्या हिशेबानेच देतात. त्या फॅमिलीज तिथं टेम्पररी आहेत ना. दुसऱ्या देशात पुनर्वसन व्हायचंय त्यांचं, नंबर लागला की जाणार."

"छावणी कधीपासून आहे?"

"मी शाळेत होतो तेव्हापासून असेल."

"मग किती जणांचा नंबर लागला?"

"थोडे जातात की दरवर्षी," तो म्हणाला, आणि मला पटावं म्हणून त्याने फोनवर मागच्या वाटपाचा फोटो दाखवला. पत्र्याच्या शेडची रांग, पुढे ओळीने उभी पोरं, हातात नव्या गणवेशाची पाकिटं, मागे संस्थेचा बॅनर. पोरांच्या अंगावर जुने गणवेश होते. त्याच्या आदल्या वर्षी पैसेच आले नाहीत, म्हणून वाटप झालं नव्हतं, हेही त्यानेच सांगितलं. एका मुलीच्या शर्टाच्या पूर्ण बाह्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या. पाकीट काखेत धरून तिने दोन्ही हात मागे लपवले होते. फोटो काढणाऱ्याला ते दिसलं नसेल. मला दुसरं काही दिसेना.

टेम्पररी म्हणजे तात्पुरतं. हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते आणि ती तुझीच देणगी आहे. धरणाचं पाणी आपल्या गावात शिरलं तेव्हा मी पहिलीत होते. ट्रकमध्ये घालून आपल्याला टेंभुर्णीच्या अलीकडे एका माळावर आणून सोडलं. पत्र्याच्या शेड, एकेका शेडमध्ये चार कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. चैत्रात आत बसवायचं नाही, म्हणून तू चूल बाहेर मांडलीस आणि वाऱ्याने विझली की वाऱ्याला शिव्या द्यायचीस. ज्या गावाच्या माळावर आपण होतो ती माणसं वाईट नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यांनी टोपल्या भरभरून भाकरी आणून दिल्या. पण वर्ष उलटलं तसा विहिरीवर आपला नंबर सगळ्यांच्या मागे गेला आणि आपलं नाव 'धरणवाले' पडलं. मला अजून दिसतंय: कचेरीतला साहेब आलाय, शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसलाय आणि तू पुढ्यात उभी राहून मोरी मागते आहेस. बायकांना अंघोळीला आडोसा नाही. साहेब समजावतोय, बाई, हे तात्पुरतं आहे, दोन वर्षांत पक्की घरं मिळतील, मोरीवर खर्च कशाला. आणि तू म्हणतेस, "तात्पुरत्या माणसाला आंगूळ लागत न्हाय व्हय, सायेब?" सगळे हसले. साहेबही हसला. मोरी मिळाली नाही. त्याच शेडमध्ये राहून मी सातवी पास झाले.

कपड्यांचा ट्रक पहिल्याच वर्षी आला होता. शहरातल्या लोकांनी दिलेले जुने कपडे माळावर ओतले आणि आपण सगळे त्यावर तुटून पडलो. मला एक गुलाबी फ्रॉक सापडला, चकचकीत, घातला तर अगदी माझ्याच मापाचा. मी नाचत तुझ्याकडे आले. तू सगळ्यांदेखत तो माझ्या अंगातून ओढून काढलास. "मापाचा फ्रॉक घिऊन काय करतीस? जल्मभर एवढीच ऱ्हाणार हायस व्हय?" आणि ढिगातून कुणा दांडग्या बाईचा निळा परकर उचललास. त्याचा तू मला शाळेचा स्कर्ट केलास, हातशिलाईने, मशीन तेव्हा कुठलं. खाली एवढं कापड दुमडलेलं की चालताना तो पायांवर आपटायचा. दर जूनला तू एक घडी उसवायचीस. आतलं कापड गडद निळं आणि बाहेरचं विटलेलं, त्यामुळे दरवर्षी खाली एक गडद पट्टा वाढायचा. वर्गातली पोरं पट्टे मोजून सांगायची, धरणवाले येऊन किती वर्षं झाली ते. मी रडत घरी यायचे आणि तुला वाटेल ते बोलायचे. तू सुई न थांबवता म्हणायचीस, "हसू दे की. गुडघं तर झाकल्यात न्हवं?" तेव्हा मला तो तुझा हट्ट वाटायचा. आज वाटतं, त्या अख्ख्या माळावर, कचेरीतल्या साहेबासकट, ही पोरं मोठी होणार आहेत हे एकट्या तुझ्याच लक्षात होतं.

एजंटला मी यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, जादाचं कापड मी माझ्या पदरचं घालते, शिलाई वाढवून मागत नाही. तो ओशाळला. "मॅडम, मापात फरक पडला तर पूर्ण लॉट रिजेक्ट होतो. आणि खरं सांगू का, त्यांना नवीन वाटप दाखवावं लागतं. तीन वर्षं पुरणारं दिलं तर पुढच्या वर्षी काय वाटणार, फोटो कशाचा काढणार?" मग खाली बघत म्हणाला, "देतायत ना काहीतरी, तेवढं तरी बघा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काहीतरी! सुरुवातीचे चार दिवस बरोबर बसणारं आणि पुढे पोरीला हात लपवायला लावणारं काहीतरी. देणाऱ्यांना दया आहे, मी नाही म्हणत नाही. घरदार सोडून आलेल्या माणसाला कुणी तांदूळ देतं, पत्रा देतं, शाळा काढून देतं, हे मी खाल्लेलं आहे, मला त्याची चव माहीत आहे. पण पोर वाढतं एवढी साधी गोष्ट ज्या दयेत बसत नाही, ती दया पोरासाठी कशी म्हणायची? ती पोरं तिथंच जन्मली, तिथंच त्यांचे दात पडले आणि आले, आणि यांच्या मापाच्या कागदावर ती अजून जायच्या तयारीत उभी आहेत. मी सँपल घडी घालून त्याच्या बॅगेत कोंबलं आणि म्हटलं, घेऊन जा. त्याची ताट-वाटी उचलून ठेवली. मला फार बरं वाटलं. तुझ्यासारखी वागले असं वाटलं.

आठवडा गेला नसेल, तीच ऑर्डर आमच्या ओळीतल्या शेवटच्या गाळ्याने घेतली. अर्धा इंचच. दुपारी त्यांच्या मशिनींचा आवाज आमच्या गाळ्यात यायचा आणि आमच्याकडे सगळं गप्प. मी बायकांना घरी बसवलं. माझ्याकडे पहिल्यापासून असलेली एक बाई आहे, श्रीपूरकडची, नवरा नाही, दोन मुलं शाळेत. तिला मी सगळं सांगितलं होतं, शेडचं, स्कर्टाचं, तुझंही. तिने जाताना आपला डबा पिशवीत ठेवला. मला वाटलं, म्हणेल, बरं केलंत ताई. ती म्हणाली, "ताई, तुमचं खरं हाय. पर त्या पोरास्नी कापड आखूडच मिळणार, ते काय तुमी थांबवलं न्हाय. आन माझ्या पोरांचं तेवढं गेलं की." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते.

त्या दिवसापासून मी तुझ्यावर चिडले आहे. तू साहेबाला तोंडावर बोललीस, मिळालं काहीच नाही, तरी आपल्या घरात तू जिंकलेलीच राहिलीस. ठणकावून बोललं की झालं, हे मी तुझं बघून शिकले. पण तुझ्या बोलण्याची किंमत तुझी तूच भरलीस. आडोसा नाही म्हणून उजाडायच्या आत उठून तुलाच अंघोळ उरकावी लागायची. माझ्या बोलण्याची किंमत दुसऱ्याच्या चुलीतून जाते. हे मला कुणी सांगायचं? दर जूनला माझ्या स्कर्टाची घडी उसवलीस, एकदा तरी समोर बसवून सांगायचंस, की ज्याच्या जिवावर दहा घरं जेवतात त्याने अशा वेळी काय करायचं असतं. तुला तरी कुठून माहीत असणार म्हणा. तुझ्या जिवावर मी एकटीच जेवत होते.

परवा मी त्या शेवटच्या गाळ्यात गेले. पहिला लॉट पाठवायची तारीख जवळ आली होती आणि त्यांना काम आवरत नव्हतं. मी मालकाला म्हटलं, स्कर्टांची खालची दुमड आमच्याकडे द्या, आम्ही करून देतो. माझा नकार त्याच्या कानावर गेलेला असणारच. तो हसला, पण वाकडं बोलला नाही, गठ्ठे पोचवायला माणूस दिला. बायका परत आल्या. श्रीपूरची बाई आपल्या मशीनवर जाऊन बसली आणि तेल घालायला लागली. आज सकाळी पहिला स्कर्ट मीच घेतला. पट्टी लावून अर्धा इंच दुमडला, टीप मारली, दोरा कापला, पुढचा घेतला. मला वाटलं होतं हात अडेल, रडू येईल. काही झालं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गठ्ठा संपला आणि टीप सरळ आली म्हणून मला समाधानसुद्धा वाटलं.

तुला वाचता येत नव्हतं. तू आज असतीस तर हे पत्र मीच तुझ्यासमोर बसून वाचून दाखवलं असतं. एजंटच्या बॅगेत सँपल कोंबलं तिथपर्यंत वाचलं असतं, मग कागदाची घडी घातली असती आणि म्हटलं असतं, संपलं.