पाचशे काळ्या फिती

प्रिय बुटके,

काल कचेरीतून पत्र आलं, म्हणून आज हे लिहायला बसावं लागलं. येत्या कामगार दिनाला पोलिसांच्या शिवणविभागातल्या तेहतीस वर्षांच्या सेवेबद्दल माझा सत्कार आहे, आणि मानपत्र वीरमाता म्हणून तुझ्या हातून द्यायचं ठरलं आहे. ते मी तुझ्या हातून घेणार नाही. कारण कळल्यावर तू माझं तोंडही पाहणार नाहीस, हे धरूनच लिहिते आहे. मध्येच फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय हवं ते कर.

चार घरं सोडून राहणाऱ्या बाईला पत्र कशाला, असं म्हणशील. तोंडाने सांगायला दोनदा आले होते. दोन्ही वेळा तू दार उघडलंस, ‘या हेडमास्तरीणबाई, आज कुणाचे कान उपटायचेत?’ म्हणालीस आणि चहा टाकलास. मी चहा प्यायले, तुझ्या गळक्या नळावर भाषण दिलं आणि परत आले. तुझ्यासमोर बसलं की मी भलतंच बोलत सुटते. कागदासमोर तसं होत नाही.

तू पहिल्यापासून गबाळी, मी पहिल्यापासून खडूस. हॉस्टेलच्या खोलीत तुझ्या अर्ध्या भागात पाय ठेवायला जागा नसायची आणि माझ्या अर्ध्या भागात, तुझ्या म्हणण्याप्रमाणे, माशीसुद्धा परवानगी काढून बसायची. तुझा मुलगा तुझ्यावर गेला. शर्टाचं एक बटण नेहमी वरखाली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी त्याला तुझ्या दारात उभं करून तीनदा बटणं काढायला आणि लावायला लावली होती. तू ओरडलीस, ‘अगं, पोर आहे की शिपाई?’ तो मात्र शांतपणे लावत होता. पुढे पोलीस अधिकारी झाला, गणवेशाचं माप द्यायला आणि बुलेटप्रूफ जॅकेट न्यायला आमच्या विभागात आला, तेव्हा माझ्या मशिनवरच्या मुलींसमोर मुद्दाम वरचं बटण उघडं ठेवून उभा राहिला आणि मी डोळे वटारेपर्यंत हलला नाही. जाताना म्हणाला, ‘मावशी, तुझ्या हाताखालून गेलेलं जॅकेट आहे. गोळीसुद्धा आधी परवानगी मागेल.’ मुली आठवडाभर हसत होत्या.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. तिन्ही पोलीस स्मृतिदिनांना मी तुझ्या शेजारी उभी राहिले. शहिदांची नावं वाचायला लागले की तू माझं मनगट धरतेस. ‘तू आहेस म्हणून उभी राहते गं,’ म्हणतेस. मी तुझा पदर सारखा करते. तुला वाटतं, माझा स्वभावच तसा.

त्याच्या मृत्यूच्या चौकशी अहवालात लिहिलं होतं की त्याने जॅकेटचा डावा पट्टा सैल ठेवला होता, फट राहिली आणि गोळी कुशीतून आत गेली. तू त्यावर लगेच विश्वास ठेवलास. ठेवणारच, वरखाली बटणं तुझ्या डोळ्यांसमोर होती. तेव्हापासून तू त्याच्या फोटोला बोलतेस. ‘शेवटपर्यंत वेंधळाच राहिलास मेल्या,’ म्हणतेस आणि पदराने काच पुसतेस. गेल्या स्मृतिदिनाला तर नव्या भरतीतल्या मुलांच्या आया भेटल्या, त्यांना म्हणालीस, ‘पोरांना पट्टे आवळायला शिकवा. मी नाही शिकवलं.’ मी शेजारी उभी राहून कार्यक्रमपत्रिकेच्या घड्या घालत होते. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. माणूस किती काय पचवतो, बुटके.

आता ऐक. त्या वर्षी स्मृतिदिनाच्या आधी आमच्याकडे चाळीस जॅकेटं आली होती. त्यांच्या आतल्या संरक्षक पाट्यांची मुदत संपली होती. उसवून नव्या पाट्या घालायच्या आणि पुन्हा शिवायचं, एवढंच काम. नव्या पाट्या भांडारात खोक्यांत पडून होत्या. त्याच आठवड्यात वरून हुकूम आला: स्मृतिदिनासाठी पाचशे काळ्या फिती, नावांच्या भिंतीवरचा पडदा, पाहुण्यांच्या खुर्च्यांची आवरणं. सगळी मशिनं त्याला लागली. इकडे पोलीस ठाण्यांतून जॅकेटांसाठी तगादा. एक टाका वाकडा गेला तर अख्खी बाही उसवायला लावणारी मी. मी तपासणी वहीत चाळीसही जॅकेटांपुढे ‘पाट्या बदलल्या’ असा शिक्का मारला, सही केली आणि जुन्याच पाट्यांसकट ती परत पाठवली. दिवस पार पडला की परत मागवू, असा हिशेब होता. दिवस थाटात पार पडला. फितींची शिलाई सरळ आली म्हणून साहेबांनी कौतुक केलं. मग दुसरं काम आलं. बाराव्या दिवशी तो गेला. त्या चाळिसांतलंच त्याचं जॅकेट नष्ट करायला माझ्याच टेबलावर आलं. मी ते उसवलं. डाव्या बाजूची पाटी जुनी होती आणि तिला आरपार भोक होतं. पट्टा सैल असता तर गोळी फटीतून गेली असती, पाटीला लागलीच नसती. पाटी नेमकी जागेवर होती. त्याने पट्टे घट्ट आवळले होते, बुटके. तुझ्या मुलाने सगळं नीट केलं होतं. अहवाल लिहिणाऱ्यांनी जॅकेट उघडलं नाही, आणि मी उघडलं, तर पाटी कपाटात लपवून गप्प बसले. उरलेल्या एकोणचाळीस जॅकेटांच्या पाट्या मी त्याच आठवड्यात बदलल्या. दोन दिवस लागले. आज सकाळी सगळं चौकशी कक्षात नेऊन दिलं. तिथला कारकून म्हणाला, ‘बाई, सत्कार घ्या आणि सुखाने निवृत्त व्हा. भिंतीवर नाव आहे ना त्याचं? अजून काय पाहिजे?’ अहवाल बदलणार नाही, मला कुणी शिक्षाही करणार नाही. क्षमा मागत नाही; ती मागण्यासारखं हे नाही. एवढंच कर, त्याला आता रागावू नकोस. रागवायचंच असेल तर माझं घर तुला माहीत आहे. पोच मी हट्टाने लिहून घेतली. तिची नक्कल खाली.

आजपर्यंत तुझीच,
हेडमास्तरीण

पोच. मिळाले: जॅकेटची डाव्या बाजूची पाटी, एक, आरपार भोक असलेली. तपासणी वहीचे मूळ पान, एक, शिक्का व सहीसह. पर्यवेक्षक बाईंचा लेखी जबाब, दोन पाने. शेरा: प्रकरण पूर्वीच बंद. फाइलला जोडून ठेवावे.