खाणीवर तीन शिट्या नको

९ जानेवारी २००८

पत्र आलं! सव्वीस जानेवारीला खाणीच्या वसाहतीत फुटबॉलचा सामना — खाण संघ विरुद्ध कोंढा गाव. रेफरी म्हणून माझं नाव, छापील! आडनाव चुकवलंय, पण असू दे.

असोसिएशनचे सचिव फोनवर म्हणाले, "गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा चांगले रेफरी तिकडं गेले. आपल्याकडं चार उरले. त्यातल्या तिघांचे गुडघे गेले. म्हणून तुमचा नंबर लागला." अभिनंदन करायची ही कुठली तऱ्हा! वर आणखी — सामना नीट पार पडला तर नागपूरच्या रेफरींच्या यादीत नाव जाईल. बिघडला तर पुढची दहा वर्षं या जिल्ह्यात बाईच्या हाती शिट्टी कोणी देणार नाही.

मला ती यादी हवी आहे. इथं लिहायला कसली लाज! सहा वर्षं शाळेत कवायत घेते आहे. अख्ख्या भंडाऱ्यात मी अजून ‘ड्रिलवाली बाई’च.

१० जानेवारी

गच्चीवर शिट्टीचा सराव. एक आखूड, एक लांब, आणि सामना संपल्याच्या तीन. खाली मंगलाबाईंनी तीन मोजल्या आणि कुकर उतरवला. डाळ कच्ची, भात त्याहून कच्चा. जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "तुही शिट्टी कोणती न माहा कुकर कोणता, मले कसं समजन वो?" त्यांचे यजमान कच्ची डाळ तशीच खाऊन कचेरीत गेले आणि दुपारीच परत आले म्हणे.

उद्यापासून सराव नदीवर.

१३ जानेवारी

पत्राची बातमी गल्लीत पसरली. फुटबॉल कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही, ते सगळे सल्ला देऊन राहिलेत. — बघा, मीही गल्लीच्या बोलीत लिहायला लागले!

आई : शिट्टीला हळदकुंकू लाव. (लावलं. दोन दिवस तोंडाला हळदीची चव आहे.)

धाकटा भाऊ अनुप : "लाल कार्ड दाखवून पळायचं. पिवळं दाखवून चालायचं."

मंगलाबाई : कोणाला बाहेर काढण्याआधी त्याची माय मैदानात बसली आहे का ते बघ. हा सल्ला मात्र मी लिहून ठेवला.

सचिव : "दोन्ही बाजू खूश राहतील असं बघा." म्हणजे दोघांनाही जिंकवू काय?

१४ जानेवारी

आज कोणी सल्ला दिला नाही. तोंडात तिळगूळ होता.

१७ जानेवारी

देवाजी काकांकडे गेले. गल्लीच्या टोकाला त्यांचा माग. वीस वर्षं त्यांनी रेफरी म्हणून जिल्हा पालथा घातला, आता गुडघ्यांमुळे घरीच विणतात. त्यांची पद्धत अशी — एकदा धोटा टाकायचा, एक सल्ला द्यायचा. खट्. "टॉसच्या आधी परतीची बस कुठं उभी हाय ते पाहून ठेव." खट्. "पयल्या पाच मिनटात एक शिट्टी उगाच वाजव. मैदानात मालक कोण ते समजते." खट्. "चहा एकाच संघाचा पिऊ नको. दोघायचा पी, नाही त कोणाचाच नाही." खट्. "निकाल लवकर दे. चुकला तरी चालन, उशीर नाही चालत."

मी वहीत उतरवत होते. मग माग थांबला.

"आन खाणीवर तीन शिट्या नको. सामना सरला का दोन मार, हात वर कर, बस."

"काहून काका?"

"खाणीत सुरुंगाले बत्ती द्याच्या आधी तीन शिट्या मारतात. आयकल्या का माणूस हातातलं टाकून आडोशाले पयते. इचारत नाही, पाहत नाही. हाडात बसलं हाय त्यायच्या."

मला हसू आलं. अकरा खेळाडू आडोशाला पळताना दिसले. काका हसले नाहीत. पुन्हा खट् सुरू झालं.

२५ जानेवारी

झोप नाही. वहीत सदतीस सल्ले झाले. एकही आठवत नाही.

२७ जानेवारी

काल लिहायचं त्राण नव्हतं. आज सगळं लिहिते.

तुमसरच्या पुढे रस्त्यापासूनच धूळ काळी, मँगनीजची. झेंडावंदन झालं, शिरा झाला. खाणीला सुट्टी, म्हणून अख्खी वसाहत मैदानाभोवती. दोन्ही संघांचा चहा प्यायले — एकूण पाच कप! पूर्वार्धभर मला सामन्यापेक्षा दुसरीच काळजी होती.

खाण संघाचा कप्तान अंकुश, मितभाषी. गोलकीपर इश्वर, तोंडाची टकळी सुरूच. मी जवळून धावले की म्हणायचा, "मॅडम, शिरा खाल्ला का?" बॉल त्याच्याकडे येत असतानासुद्धा! कोंढ्याची सगळी शेतकऱ्यांची पोरं. धान निघाल्यावर रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतातच खेळतात, त्यामुळे सपाट मैदानातही दर वीस पावलांवर धुऱ्याचा बांध असल्यासारखी उडी मारतात.

एक-एक अशी बरोबरी. शेवटची सहा मिनिटं. कोंढ्याचा कप्तान धनंजय यानं जोरात मारला, बॉल जाळीत! पण जाळीला बाजूनं हे एवढं भोक. बॉल समोरून गेला की भोकातून? काकांचा सल्ला आठवला, लवकर निकाल दिला : भोकातून. गोल नाही.

कोंढ्याचे अकरा माझ्यावर आले. त्यांना अडवायला खाणीचे अकरा. मग दोन्हीकडचे काके, मामे. कोणी कोपऱ्यातला झेंडा उपटला, काठीसकट. चिवडा विकणाऱ्या गोदावरीबाईंनी तराजू उगारला. मी पिवळं दाखवलं, लाल दाखवलं, दोन्ही एकदम दाखवली. कोण बघतंय! समोर यादी दिसत होती, आणि त्यावरचं माझं नाव पुसलं जाताना दिसत होतं.

आणि मला सुचलं. होय, मला सुचलं. चुकून झालं नाही.

तीन शिट्या मारल्या. लांब.

वसाहत नाहीशी झाली! नालीत, भिंतीमागे, पाहुण्यांच्या जीपखाली. गोदावरीबाई टोपलीवर पालथ्या. झेंड्याची काठी हवेतच सुटली. कोंढ्याचे लोक क्षणभर उभे राहिले, मग ‘यायले कायतरी माहीत हाय’ म्हणून तेही आडवे झाले. एवढ्या मोठ्या मैदानात उभी फक्त मी, आणि एक बकरी.

मग नालीतून इश्वरनं डोकं वर काढलं. तोंड काळं, दात पांढरे. "मॅडम, सुट्टीच्या दिवशी बी ब्लास्टिंग?" जो हशा पिकला! ज्याच्यावर काठी उगारली होती त्यालाच लोक हात देऊन उठवायला लागले. उरलेली मिनिटं कोणी धड खेळलंच नाही. बॉलमागे धावता धावता हसत होते. बरोबरी कायम. शेवटी दोनच मारल्या, हात वर केला.

खाणीचे खेळाडू मला बसपाशी सोडायला आले तेव्हा पोरासोरांचा खेळ सुरू झाला होता — तोंडानं तीन शिट्या मारायच्या आणि दचकेल तो हरला. इश्वर एकदाही दचकला नाही. "आता नाही फसत!" म्हणाला.

२८ जानेवारी

पेपरात आलं! ‘तीन शिट्यांत मैदान शांत’. आईनं कात्रण देवापाशी ठेवलं. मंगलाबाईंनी डाळ पाठवली, शिजलेली.

देवाजी काकांना कात्रण दाखवायला गेले. त्यांनी वाचलं, घडी केली, परत दिलं. माग थांबलेलाच.

"तुले सांगतलं होतं."

"काका, डोकी फुटली असती!"

"फुटली असती त टाके पडले असते."

मी रागानं निघून आले. म्हाताऱ्याला माझं कौतुक बघवत नाही. वीस वर्षांत त्यांना जे सुचलं नाही, ते मला पहिल्या सामन्यात सुचलं!

२ फेब्रुवारी

नागपूरच्या यादीत नाव. नवव्या नंबरावर. आडनाव पुन्हा चुकीचं.

५ फेब्रुवारी

अंकुशचा फोन आला. काल दुपारच्या पाळीत तीन शिट्या झाल्या. सगळे आडोशाला गेले. इश्वर गेला नाही. "मॅडम आल्या वाटते," म्हणाला आणि हसत उभा राहिला. अंकुशनं मागे फिरून त्याला ओढलं, तोवर दगड आला. उजवा पाय. तुमसरच्या दवाखान्यात आहे, जिवाला धोका नाही.

फोन ठेवताना अंकुश म्हणाला, "इश्वरनं मना केलं होतं. मॅडमले नको सांगू म्हणे, त्या नागपूरले जाऊन राहिल्या."