कमळाचा पाचवा दिवस

८ जानेवारी

एकशे दहा कळ्या परत. साडेदहाला आई बाजारातून आली तेव्हा टोपलीतली कमळे कडांपासून काळी पडत चालली होती. पहाटे चारला कापलेली – म्हणजे साडेसहा तास. एवढ्यात माणसाची न्याहारीसुद्धा नीट पचत नाही.

सवेंगमामा बांधावर उभा होता. तळे त्याचे, राबणे आमचे. म्हणाला, "माघ पूजा होऊ दे. मग पाणी उपसतो आणि कोळंबी सोडतो. कोळंबी काळी पडत नाही."

आई म्हणाली, "लाल पडते."

मामा हसला. बेत मात्र बदलला नाही.

माघ पूजा, बुद्धाला कमळे वाहण्याचा सण, २४ फेब्रुवारीला. सत्तेचाळीस दिवस. दोनदा मोजले. नववीत शाळा सोडल्यापासून मला एकच काम येते, कमळाचे. तळे गेले तर मी बँकॉकला बांधकामावर जाईन, पण आई कुठे जाईल? तेहतीस वर्षे ती या पाण्यात उतरते आहे.

११ जानेवारी

कृषी महाविद्यालयात गेलो. फाटकापासून दोनदा मागे फिरलो. शेवटी तिथल्या राचनीबाईंनीच हाक मारली, "कोण पाहिजे तुला?" कापलेली फुले टिकवण्यावरच त्या संशोधन करतात. त्यांचे बोलणे जसेच्या तसे लिहून ठेवतो –

"झाडाच्या मुळांत एक संजीवक तयार होतं. ते वर चढतं आणि पाकळीला सांगतं, इतक्यात म्हातारी होऊ नकोस. तू देठ कापलास की तो निरोप बंद. आपण तोच निरोप बाहेरून द्यायचा."

मी विचारले, "पाकळी ऐकेल?"

"माझ्याकडच्या ऐकतात. तुझ्या तळ्यातल्या किती आगाऊ आहेत ते तू बघ."

पांढरी पूड दिली, डबीभर. बेन्झिलअडेनिन. नाव तीनदा ताडून उतरवले. लिटरभर पाण्यात साठ मिलिग्रॅम. कळी उलटी धरून बुडवायची, दहापर्यंत मोजायचे, सावलीत निथळू द्यायची.

१३ जानेवारी

साठ मिलिग्रॅम तोलणारा काटा गावात एकच, सोनाराचा.

तो मला म्हणाला, "अरे तोय, असली पांढरी पूड घेऊन दुकानात येतोस. मागोमाग पोलीस येतील माझ्या."

"कमळांचं औषध आहे."

"काय झालंय कमळांना?"

"म्हातारपण."

तो काट्याकडे बघत म्हणाला, "उरलं तर मला ठेव."

घरी येऊन पूड पाण्यात टाकली तर ती नुसती तरंगत राहिली. आधी थोड्या अल्कोहोलात विरघळव, असे बाईंनी बजावले होते. घरात अल्कोहोल म्हणजे मामाची भाताची दारू, पहिल्या धारेची. घाबरून चमच्याऐवजी वाटीभर ओतली गेली. आईने कळी नाकाशी नेली.

"ही बुद्धापुढे ठेवायची? आणि भिक्षूंना चढली तर?"

सगळे ओतून दिले. उद्या औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणतो. मामा अजून बोलत नाही. त्याला कमळांचे नाही, बाटलीचे वाईट वाटले.

१५ जानेवारी

स्पिरिटमध्ये विरघळली. दहा कळ्या बुडवल्या. वास नाही. आईने दोनदा हुंगून खात्री केली.

१७ जानेवारी

तिसरा दिवस. दहापैकी नऊ गुलाबी! दहावी माझ्याच हातून देठाशी मोडली होती.

१९ जानेवारी

पाचवा दिवस. आठ.

कोणाला सांगितले नाही. तळ्याला दोन फेऱ्या मारल्या.

२२ जानेवारी

मामाला सांगितले. तो म्हणाला, "दहा दिवसांपासून थंडी पडलीय म्हणून टिकल्या. थंडीत माझे दातसुद्धा टिकतात."

मी म्हटले, तसे नाही. मग त्याने अट घातली. एकाच पहाटेच्या वीस कळ्या. निळ्या बादलीत दहा औषधाच्या, लाल बादलीत दहा बिनऔषधाच्या. "पाचव्या दिवशी मी येऊन बघणार. निळ्या जगल्या आणि लाल मेल्या, तर तळं राहील. नाही तर कोळंबी."

अट योग्य आहे. मीही तीच घातली असती.

२७ जानेवारी

निळी बादली – नऊ गुलाबी.
लाल बादली – नऊ गुलाबी.

मामा दोन्ही बादल्यांपुढे उकिडवा बसला. कळ्या एकेक करून दाबून पाहिल्या. मग म्हणाला, "छान टिकल्यात. थंडी." आणि गुडघे चोळत निघून गेला. टोमणासुद्धा मारला नाही.

म्हणजे पूड काही करत नव्हती. तेरा दिवस मी हवेला शाबासकी देत होतो. राचनीबाईंना कळवायला हवे. खोटे लिहिता येणार नाही. उद्या लिहितो.

२८ जानेवारी

पत्र लिहिले. पाठवले नाही. अक्षर वाईट आले.

२९ जानेवारी

आई सकाळी पाकळ्या दुमडत बसली होती. विहारात द्यायच्या कळ्यांच्या बाहेरच्या पाकळ्या आत दुमडतात. तिचा हात न बघता चालतो. मी पत्र पुन्हा लिहीत होतो. तिने विचारले, काय लिहितोस. मी वाचून दाखवले. तिचा हात थांबला.

"लाल बादलीतल्या पण मी बुडवल्या होत्या."

मला वाटले, मी चुकीचे ऐकले.

"तू भाजी आणायला गेलास तेव्हा. तुझ्यासारखंच, दहा मोजून. एका पाण्यातल्या बहिणी रे. दहा जणींना औषध द्यायचं आणि दहा जणींकडे मरताना बघत बसायचं? त्याही बुद्धाकडेच जायच्या होत्या. पाप तुला लागलं असतं."

"आई, त्या मरायलाच ठेवल्या होत्या!"

"तेच तर म्हणते मी."

आधी राग आला. मग इतका हसलो की शाई सांडली. आई तशीच उठून मामाकडे गेली. तिचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता. मामाचे एकच वाक्य कळले – "सख्खी बहीणच गंडवायला लागली तर माणसाने जायचं कुठे?"

पुन्हा परीक्षा. या वेळी लाल बादली मामाच्या घरात, कुलपात.

६ फेब्रुवारी

लाल बादलीतल्या दहाही दुसऱ्या दिवशी दुपारीच काळ्या पडल्या होत्या. आज पाचवा दिवस, आणि निळ्या बादलीत नऊ गुलाबी. थंडीही तीन दिवस ओसरलेली!

मामाने एक कळी उचलून कानाशी धरली, जणू ती काही बोलणार होती. मग म्हणाला, "कोळंबीवाल्याला थांबायला सांगतो. पण एवढी फुलं घेणार कोण, ते तू बघ, डॉक्टर."

डॉक्टर म्हणाला. टिंगलच, पण म्हणाला.

८ फेब्रुवारी

राचनीबाईंनी हुईताईंचा नंबर दिला. दक्षिणेकडच्या हाट याई शहरातल्या बाजारात त्यांचा फुलांचा मोठा गाळा आहे. काय बोलायचे ते आधी लिहून घेऊन फोन केला.

"तुमच्याकडची कमळं? ती माझ्यापर्यंत येईतो कोळसा होतात, बाळा. मी त्यावर चहा उकळते."

मी लिहिलेले सगळे विसरलो आणि म्हणालो, "ताई, एकदा चहा राहू द्या."

त्या हसल्या. तीनशे पाठव म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी

ट्रक गेला. पेट्या मीच बांधल्या आणि सोडून पुन्हा बांधल्या. ड्रायव्हर म्हणाला, "लग्न तुझ्या बहिणीचं आहे का रे?"

१३ फेब्रुवारी

फोन नाही.

१४ फेब्रुवारी

फोन नाही. आई म्हणते, फोनकडे बघितल्याने तो वाजत नाही.

१५ फेब्रुवारी

वाजला! हुईताई आरडाओरडा करत होत्या; आधी वाटले, शिव्या देताहेत.

"अरे, मला वाटलं प्लास्टिकची पाठवलीस. नखाने टोचून बघितली एक! शेजारची बाई बघायला आली, तिचा नवरा आला. आजचा हा चौथा दिवस ना? रोज चारशे पाठव. रोज, कळलं?"

कळले. तरी मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा सांगितले.

मामा घरात गेला. बाटली घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवली. "घे. आता कशातही ओत."

२४ फेब्रुवारी

माघ पूजा. आईने कळ्या कालच कापून, बुडवून ठेवल्या आणि आज ती सहापर्यंत झोपली. तेहतीस वर्षांत सणाच्या दिवशी पहिल्यांदा. उठली ती घाबरून, "आज काय बिघडलं?"

संध्याकाळी विहाराभोवती कमळ, उदबत्ती आणि मेणबत्ती हातात धरून तीन फेऱ्या घातल्या. ज्याच्या-त्याच्या हातात आमची कळी. मागची बाई आपल्या मुलीला म्हणाली, "कालच आणलीत गं, बघ कशी आहेत." मी मागे वळलो नाही. कान मात्र भाजल्यासारखे गरम झाले.

तळे भरलेले आहे. सण झाला की मामा पाणी उपसणार होता. त्याऐवजी तो माझ्यापुढे फेऱ्या घालत होता आणि दर चार पावलांनी आपली कळी हुंगत होता.

एवढा आनंद मला सोसत नाही. झोप येत नाही म्हणून लिहितो आहे.

९ मार्च

हुईताईंचा फोन. "फूल सहा-सहा दिवस टिकतं रे. गिऱ्हाईक रोज यायचं, ते आता आठवड्याने येतं. रोज नको. सोमवारी आणि गुरुवारी पाठव."

मामा म्हणाला, मग अर्धे तळे पुरे. पूर्वेकडचे उपसतो. परवा.

लिटरला साठऐवजी पंचवीस मिलिग्रॅम घातले, तर कळी चौथ्या दिवशी काळी पडते. हे मी तपासलेले आहे. अजून कोणालाही माहीत नाही.

उद्या पंचवीसच घालणार आहे.