ओलिताच्या घरी कोरडवाहू कुंड्या

बार्शीटाकळी, जि. अकोला
वैशाख, भर दुपार

आदरणीय खुशालराव इवाईबुवा यांस,

बार्शीटाकळीहून शालिकरामचा दोन्ही हात जोडून रामराम. इहीनबाईंचे गुडघे, तुमची साखर आणि तुमच्या गच्चीवरची गळकी टाकी ही तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. आचलला आठवा लागला. बाळंतपणाला तुमच्याकडे माहेरी गेलेली सून सुखात असणारच, यात शंका घेण्याइतका मी वाईट सासरा नाही. इकडे आमच्या सौ. जमुनाची तब्येत उत्तम, तुमचा जावई शेखर नोकरीवर वेळेवर जातो, आणि माझं काय विचारता, पारा पंचेचाळीसवर गेला तरी माझा पालक बाजारात ताठ उभा राहतो. (पत्र पाहून दचकू नका. फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकून अर्ध्या अमरावतीला ऐकवता आणि आचल शेजारीच बसलेली असते. म्हणून हे बंद पाकीट शनिवारी तिकडे येणाऱ्या शेखरच्या हाती देणार आहे.)

मुख्य बातमी अशी, की आचलची झाडं ठणठणीत आहेत. जाताना तिने अंगणातल्या तेवीस कुंड्या माझ्या हवाली केल्या होत्या. जाड, गुबगुबीत पानांची ती झाडं. ती त्यांना सक्युलंट म्हणते आणि जमुना 'कोरफडीची चुलत भावंडं' म्हणते. एक गुलाबाच्या फुलासारखं, एक मोत्यांच्या माळेसारखं, एक तर हुबेहूब नदीतल्या गोट्यासारखं (तीन दिवस मी त्या कुंडीत झाड शोधत होतो). ऑटोत बसता बसता म्हणाली, "मामाजी, हे झाडं लय चिवट आहेत. फक्त यायले काही करू नका. पंधरा दिवसांनी घोटभर पाणी, बस."

आता इवाईबुवा, रागावू नका, पण पोरगी तुमच्या वळणावर गेली. तुम्ही पडले कोरडवाहू. काळ्या जमिनीत तूर पेरायची आणि आभाळाकडे पाहत खाटेवर बसायचं, ही तुमची शेती. आम्ही ओलिताचे. तीन पिढ्या विहिरीवर गेल्या आमच्या; मेथीपासून झेंडूपर्यंत जे काही उगवलं ते आमच्या हातचं पाणी पिऊन. आमच्या घरी पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग नाव विचारतात. अशा घराच्या दारात कोणी पंधरा दिवस तहानलेलं उभं राहावं? गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

म्हणून पहिल्याच संध्याकाळपासून मी रोज पाइप लावला. आठ दिवसांत पानं अशी फुगली, अशी तुकतुकीत झाली, की काचेसारखं आरपार दिसावं. मी फोटो काढून भाजीपालावाल्यांच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'झाडं सुनेची, हात सासऱ्याचा'. एकोणपन्नास अंगठे आले. शेजारच्या पार्बताबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. बाईंनी गुलाबवाल्याच्या एका पानाला नुसतं बोट लावलं, तर पान गळून हातात आलं आणि मागोमाग पाणी. "शालिकरामभाऊ," त्या म्हणाल्या, "हे बाळसं नाही. हे सुजलं." (बाई तीस वर्षांपासून फुलं विकते, पण बोलण्यात एक पाकळी नाही.)

आता तुम्ही घाबरलात तर ती तुमची चूक, कारण मी हातावर हात ठेवून बसणारा नाही. मर रोग समजून वांग्यावरचं औषध फवारलं. अशक्तपणा समजून ओंजळ ओंजळ शेणखत दिलं. मग शेखरने मोबाइलवर वाचून सांगितलं की मुळं सुकवायला हवीत, तेव्हा सगळ्या आजारी कुंड्या हॉलमध्ये कूलरसमोर मांडल्या आणि आम्ही नवरा-बायको मागच्या खोलीत घाम पुसत बसलो. "पाहुणे गेले काय?" असं जमुना रोज विचारायची. (कूलरची हवा पाण्यातून येते, हे मला चौथ्या दिवशी आठवलं.)

तर झाडं ठणठणीत आहेत असं जे वर लिहिलं, ते पाच झाडांबद्दल अक्षरशः खरं आहे. ही पाच कंपाउंडच्या कोपऱ्यात होती. काय जोम सांगू! एकाला तर गुलाबी तुरा आला आहे. जमुना म्हणते, आपला पाइप तिथवर पोचत नाही म्हणून ती वाचली. मी म्हणतो, पाइप केवढा घ्यायचा हेही शेवटी मीच ठरवलं होतं ना?

लहानांना आशीर्वाद, इहीनबाईंना नमस्कार.

आपला,
तेवीस कुंड्यांचा तात्पुरता पालक,
शालिकराम

ता. क. एक क्षुल्लक काम. आचलने लग्नाआधी तुमच्या गच्चीवर हीच झाडं लावली होती असं ऐकतो. नुसतं पान मातीवर ठेवलं तरी नवं झाड येतं म्हणे. दुपारी ती निजली की अठरा झाडांची दोन-दोन पानं गुपचूप तोडून, भाकरीच्या डब्यात घालून शेखरजवळ द्या. ती बाळाला घेऊन येईल तेव्हा उंबऱ्यावरून पहिली नजर कुंड्यांवर जाणार. ज्याला काही न करण्याचंही काम जमलं नाही, त्याच्या मांडीवर ती लेकरू ठेवेल काय? एवढाच प्रश्न आहे. झोप मात्र नीट लागत नाही.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत जमुनाने पत्र वाचलं. तिने आचलला पहिलं पान गळालं त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. मग फोन लावून सरळ माझ्या कानाला धरला. पोरगी रागावली नाही. इतकी हसली, की मीच म्हटलं, बाई, आठवा आहे, जपून. म्हणाली, "गच्चीवरचे काहून मागता, मामाजी? बाबानं दोन वर्षांत तिथं थेंब नाही टाकला. सगळे वाळून पापड झाले. तुमी सडवले, त्यायनं वाळवले. आता बाळ झालं का मी सांगीन, तवाच दोघंबी त्याले हात लावजा."

तेव्हा पानांची तसदी घेऊ नका. आपण दोघं एकाच रांगेत आलो हे मला मान्य आहे. पण न्यायाने एवढं तिच्या कानावर घाला, की वाळवायला माणसाला काहीच करावं लागत नाही. सडवायला रोज संध्याकाळी उठून पाइप ओढावा लागतो. बाळ आधी कोणाकडे द्यायचं ते तिने ठरवावं. मी आपली मांडी कोरडी ठेवून बसलो आहे. ओली करायचं काम आता बाळाचं.