डोकं रुंद की छाती

३ सप्टेंबर

घड्याळाचं गिऱ्हाईक म्हणून उठले, तर समोरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई! हातात काचेची नळी, नळीत राणी मुंगी. मैदानाच्या भिंतीवर मुलांनी पकडलेली. पाठीवर गळालेल्या पंखांच्या खुणा – म्हणजे राणीच. नळीच्या तळाशी पाणी, तोंडाशी कापूस – तेही नीट लावलं होतं. 'ताई, मुंग्यांतलं तुम्हालाच कळतं. हिला खायला द्यायचं की नाही?'

भिंग लावलं आणि सांगून टाकलं – छाती डोक्यापेक्षा रुंद आहे. उडायचे स्नायू आता बिनकामाचे, त्यांच्यावरच ही महिना काढेल. खायला द्यायचं नाही. काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, महिनाभर उघडू नका. सारखं डोकावलं की राण्या आपलीच अंडी खातात. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं.

दादा पलीकडच्या टेबलावरून म्हणतो, 'चिमे, मुंग्यांचीही गॅरंटी द्यायला लागलीस?' छप्पन्न वर्षांची झाले तरी चिमीच!

५ सप्टेंबर

आज एक स्क्रू तीनदा हुकला. सहज डावा डोळा मिटून पाहिलं – समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे गायब! सगळं दूध सांडलेल्या काचेतून बघितल्यासारखं. डावा उघडला, आकडे परत. पुन्हा मिटला – गेले.

भिंग मी उजव्याच डोळ्याला लावते, डाव्याला जवळचं बारीक कधी दिसलंच नाही. एकतीस वर्षं.

६ सप्टेंबर

राणीची छाती मी पाहिलीच नाही. एक काळा ठिपका पाहिला आणि बोलले. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

८ सप्टेंबर

दहांतल्या नऊ राण्या रुंद छातीच्या असतात, त्या सवयीनं बोलले. पण दहावी? तिची छाती अरुंद, डोकं मोठं. तिच्या अंगात साठा नसतो, तिला खायला घालावंच लागतं. नाही घातलं तर मरते, बस. आणि चाळीस मुलं महिन्याभरानं कपाट उघडणार.

बाईंना सांगायचं तर डोळ्याचं सांगावं लागेल. मग ते दादाच्या कानावर जाणारच. तो म्हणेल, पुरे आता, घरी बस. घरी बसून काय करू? भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू? भीती वाटते मला, खरंच वाटते.

आणि माझं काम कुठे बिघडलंय? या वर्षात माझ्या हातचं एकही घड्याळ तक्रार घेऊन परत आलेलं नाही. एकही! म्हणजे हातांना अजून दिसतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१० सप्टेंबर

शाळेत जाऊन आले. कपाटावर मुलांनी कागद चिकटवलाय – 'आत राणी आहे. आवाज करू नये.' बाई म्हणाल्या, 'पोरं कपाटापुढून चवड्यांवर चालतात, ताई!' मी म्हटलं, जरा एकदा बघू का? तर हसायला लागल्या – 'महिनाभर उघडायचं नाही, तुम्हीच म्हणालात ना!' मीही हसले आणि परत आले. भित्री कुठली.

१३ सप्टेंबर

रोजच्यासारखी दुपारी घरी जेवायला आले. दादाचं बरं, तो दुकानातच डबा खातो, मला तेवढं चालावं लागतं. आज घास उतरेना. ती दहा दिवस उपाशी आहे!

१६ सप्टेंबर

सांगितलं. शाळा सुटल्यावर बाईंना एकटं गाठलं आणि एका दमात सांगितलं – मला नीट दिसत नाही, मी अंदाजानं बोलले.  बाईंनी कपाटाची किल्ली काढली आणि नळी घेऊन माझ्याबरोबर दुकानात आल्या.

आता बघणार कोण? दादाच. त्याला मात्र खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, 'माझ्या डोळ्यात कचरा गेलाय, जरा तू बघ. डोकं रुंद की छाती?' वाटलं, आता टर उडवणार. नाही उडवली. भिंग लावलं आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

'डोकं.'

बाईंनी मधाचा थेंब काडीच्या टोकावर घेतला, कापूस सरकवून आत धरला. राणी हलेना. मला काही दिसतच नव्हतं, मी नुसती दादाच्या तोंडाकडे बघत होते. 'हलली का? दादा, हलली का?' – 'थांब गं.' मग म्हणाला, 'पितेय. चांगली हावरटासारखी पितेय!'

मी दोघांदेखत रडले. दादा म्हणाला, 'कचरा मोठाच गेलेला दिसतोय.'

१७ सप्टेंबर

राणीनं सकाळी पुन्हा मध घेतला, बाईंचा निरोप आला. दादाला उद्या सांगायचं. जेवून आले की लगेच. नक्की.

१८ सप्टेंबर

जेवायला निघाले, चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरले. दुकानाच्या काचेतून दिसलं – दादा माझ्या खुर्चीत बसलाय. त्याचा डबा न उघडलेला. मी सकाळी दुरुस्त केलेलं घड्याळ त्याच्यापुढे उघडं, भिंग लावून तो त्यातले स्क्रू पुन्हा बसवतोय, शेजारी माझीच कालची तीन ओळीनं मांडलेली.

जेवणाची वेळ संपेपर्यंत मी बाहेरच उभी राहिले.